वाचकांचे प्रश्न : केळीची बाग, कर्म आणि कम्म

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती, म्हणून या अंकात इतर सारे प्रश्न बाजूला ठेवून केवळ कर्मविचारावरील प्रश्न घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त करून दिली आहेत आणि लेखकांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : ज्येष्ठाच्या सुरुवातीच्या वादळात आमची निसवलेली केळीची बाग एका रात्रीत आडवी झाली. बांधाला बांध लागून असलेली दिरांची बाग मात्र उभी राहिली. तेव्हापासून घरात आणि गावात ‘करमना भोग शेतस’ हेच ऐकते आहे. सासूबाई म्हणतात, गेल्या जन्मी कुणाचे घेतलेले या जन्मी फेडावे लागते. आमच्या गल्लीतल्या बौद्ध शिक्षिका म्हणतात की बुद्धही कर्म मानतात, पण ते असे नव्हे. मग कर्म म्हणजे नेमके काय, आणि माझी बाग माझ्या कर्माने पडली का? (एक वाचिका, चोपडा तालुका)

उत्तर : ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो अधिक तातडीचा आहे. आपली बाग आपल्या गेल्या जन्मीच्या कर्माने पडली असा निवाडा देण्याचा अधिकार सासूबाईंना, गावाला किंवा मलाही हिंदू आणि बौद्ध या दोन परंपरांच्या मुख्य तत्त्वग्रंथांनी दिलेला नाही. कर्माला फळ असते असे दोन्ही परंपरा मानतात. परंतु समोरची घटना पाहून तिच्यामागचे कर्म ओळखण्याची विद्या सामान्य माणसाजवळ असते, असे त्या मानत नाहीत. ‘गहना कर्मणो गतिः’ हे गीतेच्या चौथ्या अध्यायातले वचन आपल्याकडे सुस्कारा टाकून म्हटले जाते, पण मूळ श्लोकात (४.१७) प्रसंग नशिबाचा नाहीच. काय करावे, काय करू नये आणि न करणे म्हणजे काय, हे ओळखणे अवघड आहे, असे तेथे सांगितले आहे. बुद्धांनी अंगुत्तर निकायात (हा पालि भाषेतील बुद्धांच्या सुत्तांचा, म्हणजे उपदेशांचा, एक संग्रह) ज्या चार गोष्टींवर तर्क लढवीत बसू नये, बसल्यास वेड लागेल, असे म्हटले आहे, त्यांत कर्माचा विपाक, म्हणजे कर्माचे फळ, ही एक आहे.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की सासूबाई हे कुठूनतरी हवेतून आणीत नाहीत. पतंजलींच्या योगसूत्रात (२.१३) कर्माचा विपाक जाती, आयुष्य आणि भोग या तीन रूपांनी होतो असे म्हटलेले आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तर सोने चोरणाऱ्याची नखे बिघडतात आणि दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात अशी यादीच आहे, आणि पुढच्या शतकांत अशा याद्या वाढत गेल्या. या याद्यांमागे लोकांना पापापासून परावृत्त करण्याचा हेतू असावा असे मला वाटते; पण यादी उलटी वाचायची सवय लागली, म्हणजे नख बिघडलेले दिसले की चोर समजायचे, की दुखणाईताला दुखण्याबरोबर बदनामीही सोसावी लागते. आपल्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. वेदकाळात ‘कर्म’ या शब्दाचा ठळक अर्थ यज्ञातील क्रिया असा होता. यज्ञ आज केला आणि स्वर्ग मृत्यूनंतर मिळणार, तर मधल्या काळात त्या क्रियेचे सामर्थ्य राहते कोठे, हा प्रश्न वेदातील यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी पुढे फार बारकाईने सोडवला आणि त्यासाठी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती मानली. क्रिया संपते, पण तिच्यातून उपजलेले अपूर्व फळ देईपर्यंत टिकते, असे त्यांचे म्हणणे. फळ देण्यासाठी त्यांना ईश्वराचीही गरज भासली नाही, ही गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटेल.

यज्ञाबाहेरच्या वागण्यालाही हाच नियम लागू होतो, हा विचार उपनिषदांत पुढे आला, आणि तो प्रथम जवळजवळ गुपित म्हणून आला. बृहदारण्यक उपनिषदात (३.२.१३) जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो की मेलेल्या माणसाची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, मन चंद्रात, शरीर पृथ्वीत, मग तो माणूस स्वतः असतो कोठे? याज्ञवल्क्य उत्तर देत नाहीत. ‘हात दे, हे आपण दोघांनीच जाणायचे, लोकांत बोलायचे नाही’ असे म्हणून ते त्याला बाहेर नेतात. पुढे उपनिषद एवढेच सांगते की ते दोघे बोलले ते कर्माविषयीच बोलले: पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो, पापकर्माने पापी. ज्या गोष्टीबद्दल याज्ञवल्क्यांनी भर सभेत तोंड उघडले नाही, ती आज पारावर बसून शेजाऱ्याच्या बागेबद्दल बोलली जाते.

पुढे वेदान्ताने या विचाराला संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण अशी तिहेरी मांडणी दिली. आपल्याकडचे कीर्तनकार कोठीतले धान्य, ताटात वाढलेले अन्न आणि शेतात पेरलेले बी असा दृष्टान्त देतात, तो पुरेसा आहे. फळ कोण देतो, या प्रश्नावर वेदान्ती मीमांसकांशी सहमत नाहीत. ते ईश्वराला फलदाता मानतात. मग एकाला सुख आणि दुसऱ्याला दुःख देणारा ईश्वर पक्षपाती ठरत नाही का? ब्रह्मसूत्राच्या ‘वैषम्यनैर्घृण्ये न’ या सूत्रावर (२.१.३४) शंकराचार्य उत्तर देतात की ईश्वर पावसासारखा आहे. भात आणि जव या दोन्ही पिकांवर पाऊस सारखाच पडतो. पिकातला फरक बियाण्यातून येतो. कोरडवाहू कपाशी आणि ठिबकवरची केळी शेजारी शेजारी पाहणाऱ्या आपल्याला हा दृष्टान्त चटकन पटतो, आणि त्यातली अडचणही चटकन दिसते, कारण पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही हे खानदेशाइतके कोणाला ठाऊक आहे?

बुद्धांनी या सगळ्यात एक मूलभूत बदल केला. अंगुत्तर निकायाच्या निब्बेधिक सुत्तात ते म्हणतात, ‘चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि’: भिक्षूंनो, चेतनेलाच मी कर्म म्हणतो; माणूस आधी मनात संकल्प करतो आणि मग शरीराने, वाणीने, मनाने कर्म करतो. म्हणजे कर्म हे हाताच्या हालचालीत किंवा मंत्राच्या उच्चारात नसून त्यामागच्या हेतूत आहे. त्याच काळी निर्ग्रंथांचा, म्हणजे जैनांचा, विचार असा होता की कर्म हे सूक्ष्म द्रव्य असून ते जीवाला चिकटते, आणि तपाने ते झाडता येते. मज्झिम निकायाच्या उपालि सुत्तात या दोन मतांचा सामना आहे: शरीराकडून घडलेले कृत्य अधिक भारी की मनातले? बुद्धांचे उत्तर मनातले असे आहे.

आपल्या बागेच्या दृष्टीने मात्र याहूनही महत्त्वाचे सुत्त दुसरेच आहे. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की माणूस जे काही सुख, दुःख किंवा मधली अवस्था अनुभवतो ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले काय मत आहे? बुद्ध सांगतात की काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिघांच्या एकत्र बिघाडाने, काही ऋतू बदलल्याने, काही शरीराची नीट काळजी न घेतल्याने, काही अचानक बाहेरून आलेल्या आघाताने, आणि काही कर्मविपाकाने. हे लोकांना स्वतःला कळते आणि जगातही सत्य म्हणून मान्य आहे. म्हणून सगळे काही पूर्वकर्मामुळेच असे म्हणणारे स्वतःच्या जाणिवेच्या आणि जगाच्या अनुभवाच्या पलीकडे धावतात, आणि त्यांचे म्हणणे चूक आहे. आठ कारणांत कर्म हे एक, आणि तेही शेवटी मोजलेले! आपल्या शिक्षिका शेजारणीचे म्हणणे या सुत्ताच्या आधाराने अगदी योग्य आहे.

पण ‘हिंदू सगळे पूर्वकर्मावर सोडतात आणि बौद्ध सोडत नाहीत’ असा सोपा हिशेबही करू नये. गीतेच्या अठराव्या अध्यायात (१८.१४) कोणतेही कार्य घडायला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव. पुढे लगेच म्हटले आहे की असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला काही दिसत नाही. हा श्लोक यश मिळालेल्या माणसाचा अहंकार उतरवण्यासाठी सांगितला जातो. पण ज्याचे नुकसान झाले त्याच्या डोक्यावरचा दोषाचा भार उतरवण्यासाठीही तो तितकाच उपयोगी आहे, हे आपण विसरतो.

आपल्या पत्रात आणखी एक ओळ होती, ती वर संक्षेपात गाळली. दिरांच्या बागेला वाऱ्याच्या अंगाने शेवरीची दाट रांग आहे आणि आपल्या बागेला नाही, असे आपण सहज लिहिले आहे. बुद्धांच्या यादीत ही गोष्ट कोणत्या कारणात बसते ते आपणच पाहावे. शेवरी लावणे हे क्रियमाण कर्म आहे, आणि पीकविम्याचा अर्ज वेळेत भरणे हेही.

प्रश्न : मोबाईलवर ‘कर्मा रिटर्न्स’ असे संदेश येतात. आमच्या ओळखीच्या एका माणसाने भावाची जमीन लाटली आणि सहा महिन्यांत त्याचा अपघात झाला, तेव्हा सगळ्यांनी हेच म्हटले. हे शास्त्राला धरून आहे का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : नाही. मज्झिम निकायाच्या महाकम्मविभंग सुत्तात बुद्ध म्हणतात की वाईट वागणारा एखादा मेल्यावर सुगतीला गेलेला दिव्यदृष्टीने दिसू शकतो आणि चांगला वागणारा दुर्गतीला, कारण आधीची, नंतरची आणि मरणसमयीची कर्मे एकमेकांत गुंतलेली असतात. जेवढे दिसले तेवढ्यावरून नियम बांधणारा चुकतो. दिव्यदृष्टी असलेल्याची ही अवस्था, तर गटावर संदेश पुढे ढकलणाऱ्याची काय असेल? जमीन लाटण्याचा दोष अपघात झाला नसता तरी तेवढाच राहिला असता, आणि जमीन परत मिळवायची तर त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे.

प्रश्न : मी भुसावळचा असून आमचे कुटुंब १९५६ च्या धम्मदीक्षेपासून बौद्ध आहे. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, हे मला ठाऊक आहे. पण गेल्या महिन्यात मुलांना घेऊन अजिंठ्याला गेलो, तर भिंतीभर बुद्धांच्या पूर्वजन्मांच्याच गोष्टी. मुलीने विचारले, ‘पप्पा, आत्मा नाही तर हत्तीचा जन्म कोणाचा होता?’ मला उत्तर देता आले नाही. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आपल्या मुलीचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या यवन, म्हणजे ग्रीक, राजाने विचारला होता, तेव्हा आपण संकोच करण्याचे कारण नाही. मिलिंदपञ्ह या पालि ग्रंथात राजा मिलिंद भदंत नागसेनांना विचारतो की जो जन्मतो तो मेला तोच असतो की दुसरा? नागसेनांचे उत्तर प्रसिद्ध आहे, ‘न च सो, न च अञ्ञो’: तो नव्हे, आणि दुसराही नव्हे. मग तो सुटला म्हणायचा का, असे राजा विचारतो, तेव्हा नागसेन आंब्याच्या चोराचा दृष्टान्त देतात. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले आणि राजापुढे म्हणाला, ‘त्याने लावलेला आंबा वेगळा आणि मी तोडलेले आंबे वेगळे, मी काही त्याचे आंबे घेतले नाहीत.’ त्याला शिक्षा होणार की नाही? होणार, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यातूनच आले.

आपल्या मुलीला मी याहून जवळचा दृष्टान्त देईन. केळीचे झाड एकदा घड देते आणि संपते. घड उतरवला की खोड कापून टाकतात. पण त्याच्या बुडाशी कंदातून पील आलेले असते आणि पुढच्या हंगामाची पीलबाग त्याच्यावर उभी राहते. ते पील म्हणजे कापलेले झाड आहे का? नाही. मग ते दुसऱ्याच बागेतले आहे का? तेही नाही. पहिल्या झाडाला जे खत-पाणी मिळाले आणि जो रोग लागला, त्याचे परिणाम पिलात उतरतात. पण एका खोडातून निघून दुसऱ्या खोडात शिरणारी ‘केळी’ नावाची कोणतीही वस्तू मध्ये नसते. बुद्धांना केळीचे खोड दृष्टान्ताला आवडत असावे, असे मला नेहमी वाटते. संयुत्त निकायातील फेण सुत्तात संस्कारांना, म्हणजे ज्यांत कर्माची चेतना येते त्या स्कंधाला (माणूस ज्या पाच घटकांचा बनतो त्यांपैकी एकाला), त्यांनी केळीच्या खोडाची उपमा दिली आहे: गाभ्याचे लाकूड शोधायला निघालेला माणूस सोपटामागून सोपट काढीत जातो आणि आत गाभा सापडतच नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही पोराने हे विळ्याने करून पाहिलेले असते.

अनात्मवाद आणि पुनर्जन्म यांची ही सांगड प्रत्यक्ष बुद्धांच्या हयातीतच लोकांना अवघड गेली होती. साति नावाचा कोळ्याचा मुलगा भिक्षू झाला होता. तो म्हणू लागला की हेच विज्ञान, म्हणजे जाणीव, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात धावत जाते. बुद्धांनी त्याला बोलावून कडक शब्दांत सुनावले की कारणांशिवाय विज्ञान उत्पन्न होत नाही, हे मी किती वेळा सांगितले आहे. उपनिषदांचा आत्मा आणि बौद्धांचा प्रवाह यांतील खरी फारकत येथे आहे. वेदान्तात कर्म ज्याला चिकटलेले दिसते तो आत्मा मुळात अकर्ता असतो आणि ज्ञान झाले की कर्मे जळून जातात. बौद्ध विचारात चिकटायला कोणीच नसते, कारणांची साखळी तेवढी असते, आणि तृष्णा संपली की ती पुढे सरकत नाही. (आमच्या अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात, जे १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्याने उभे राहिले, वेदान्त हा मुख्य विषय असतानाही पुढे माध्यमिक बौद्ध दर्शनाचे मोठे भाष्यकार ठरलेले टी. आर. व्ही. मूर्ती काही वर्षे अध्ययन करीत होते. हा वाद खानदेशाला परका नाही एवढ्यासाठीच हे लिहिले.)

आता बाबासाहेबांविषयी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. शब्द सारखे असले तरी ब्राह्मणी कर्मसिद्धान्त आणि बुद्धांचा कम्म यांत मूलभूत भेद आहे, असे त्यांनी त्यात स्वतंत्र प्रकरणे करून मांडले आहे. जगातील नैतिक व्यवस्था कोणी ईश्वर चालवीत नाही, ती माणसांच्या कुशल आणि अकुशल कर्मांनी चालते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. गेल्या जन्मीच्या कर्माने माणूस गरीब किंवा हीन कुळात जन्मतो हा विचार त्यांनी बुद्धांचा म्हणून स्वीकारला नाही, कारण त्यामुळे दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्य आणि समाज यांच्यावरून सहज टळते. हा आक्षेप कोठून येतो ते समजण्यासाठी छांदोग्य उपनिषदातील एक वाक्य (५.१०.७) वाचावे लागते: चांगले आचरण असलेले ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जन्मतात आणि वाईट आचरण असलेले कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत. या एका वाक्याने माणसांच्या एका समूहाला जनावरांच्या रांगेत उभे केले आणि वर त्याचे कारण त्याच्याच माथी मारले. ज्यांच्या पिढ्यांनी गावकुसाबाहेर हे सोसले, त्यांनी हा सिद्धान्त मोडीत काढला, तर त्यात नवल कसले?

तरीही आपण विचारल्यामुळे स्पष्ट लिहितो. पालि निकायांत पुनर्जन्माचे आणि पूर्वकर्माचे उल्लेख विपुल आहेत. चूळकम्मविभंग सुत्तात सुभ नावाचा तरुण विचारतो की माणसे अल्पायुषी-दीर्घायुषी, रोगी-निरोगी, दरिद्री-श्रीमंत, नीच कुळातली-उच्च कुळातली अशी का असतात, आणि तेथे बुद्धांचे उत्तर कर्माचेच आहे. बाबासाहेबांना हे ठाऊक नव्हते असे समजणे हास्यास्पद ठरेल. जे बुद्धिवादाला आणि माणसाच्या कल्याणाला धरून नाही ते बुद्धवचन असू शकत नाही, अशी कसोटी त्यांनी स्वतः जाहीरपणे लावली आणि तिच्या आधारे निवड केली. थेरवादी, म्हणजे पालि परंपरा मानणाऱ्या, देशांतील भिक्षू ती निवड मान्य करीत नाहीत, आणि नवबौद्धांना थेरवाद्यांची मान्यता घेण्याची गरज वाटत नाही. माझे मत विचाराल तर अंगुत्तर निकायातील तित्थायतन सुत्त हा या दोघांमधला पूल आहे. सगळे पूर्वकर्माने घडते, सगळे ईश्वराच्या इच्छेने घडते, आणि सगळे विनाकारण घडते, ही तीन मते बुद्ध तेथे एका ओळीत बसवतात आणि तिन्ही शेवटी माणसाला निष्क्रिय करतात असे दाखवतात. कारण मग ‘हे करावे, हे करू नये’ अशी इच्छा आणि धडपड उरतच नाही. बाबासाहेबांचा राग ज्या निष्क्रियतेवर होता, तीच ही.

राहिला अजिंठ्याचा हत्ती. तो छद्दंत जातकातला सहा दातांचा हत्ती असणार; दहाव्या आणि सतराव्या लेण्यात तो आहे. मुलीला तो इतिहास म्हणून सांगू नका. पारध्याचा बाण लागलेला असताना त्याच पारध्याला आपले दात काढून नेऊ देणारा प्राणी चित्रकाराने का रंगवला असेल, एवढे तिला विचारा. जातककथांत जन्म बदलत राहतो आणि चेतनेचा कल तेवढा टिकून राहतो. ‘चेतना म्हणजेच कर्म’ हे चित्रात कसे दाखवायचे, याचे त्या काळच्या रंगाऱ्यांना सुचलेले हे उत्तर आहे.

प्रश्न : तीन वर्षे राज्यसेवेची तयारी करतो आहे. घरचे म्हणतात प्रारब्धात असेल तर होईल. मित्र म्हणतो ‘कर्मण्येवाधिकारस्ते’, निकाल बघूच नको. काय धरू? (एक विद्यार्थी, शहादा)

उत्तर : गीतेच्या त्या श्लोकाचे (२.४७) चार चरण आहेत आणि शेवटचा चरण ‘मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि’ असा आहे, म्हणजे कर्म न करण्यातही अडकू नकोस. श्लोक फळ पाहू नको असे सांगत नाही. फळावर आपला हक्क चालत नाही असे सांगतो. तेव्हा निकाल जरूर पाहा, कोणत्या पेपरात गुण गेले तेही पाहा. घरच्यांसाठी योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणातला दृष्टान्त पुरेल: मागचा पुरुषार्थ आणि आताचा पुरुषार्थ हे दोन एडके एकमेकांना टक्कर देत असतात आणि ज्याचा जोर कमी तो मागे हटतो. तेथे दैव म्हणून तिसरा एडका उभाच नाही. ज्याला आपण दैव म्हणतो ते आपलेच मागचे कर्म आहे. किती वर्षे टक्कर द्यायची, हे मात्र वय, घरची परिस्थिती आणि पर्याय पाहून आपणच ठरवायचे आहे. ते कोणताही श्लोक ठरवणार नाही.

प्रश्न : आखाजीला आम्ही वडिलांच्या नावाने घागर भरतो, तिच्यावर डांगर ठेवतो, आमरस-सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवतो. यंदा मुलगा म्हणाला, ‘ज्याचे कर्म त्याला, असे तुम्हीच सांगता, मग तुम्ही ओतलेले पाणी आजोबांना कसे पोहोचणार?’ आम्ही निरुत्तर झालो. (एक वाचक, पारोळा)

उत्तर : चिरंजीवांनी कर्मविचारातली सर्वांत जुनी फट नेमकी पकडली आहे. मनुस्मृतीतच पाहा: तिसरा अध्याय श्राद्धाच्या नियमांनी भरलेला आहे आणि चौथ्या अध्यायात (४.२३९-२४०) म्हटले आहे की परलोकी आई, बाप, बायको, मुलगा कोणी सोबतीला नसते, जीव एकटा जन्मतो, एकटा मरतो, सुकृत एकटाच भोगतो आणि दुष्कृतही एकटाच. चार्वाकांनी या विसंगतीची थट्टा केली की मेलेल्याचे पोट जर श्राद्धाने भरत असेल, तर विझलेल्या दिव्याची ज्योतही तेल ओतल्याने वाढायला हवी. मात्र कर्म दुसऱ्याकडे जाऊ शकते असे मानणारा एक जुना धागाही आहे. कौषीतकी उपनिषदात मरणासन्न बाप मुलाला जवळ घेऊन आपली वाणी, प्राण, डोळे यांबरोबर आपली कर्मेही त्याच्या स्वाधीन करतो, आणि मुलगा ती स्वीकारतो. पितरांना पाणी देण्याची रीत कर्मसिद्धान्ताहून जुनी असावी. सिद्धान्त मागाहून आला आणि रीत हटली नाही, दोघे एका घरात राहू लागले, असे मला वाटते.

बौद्धांपुढेही हाच प्रश्न आला. जाणुस्सोणि नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांना सरळ विचारले की आम्ही मेलेल्या आप्तांच्या नावाने दान देतो, श्राद्ध करतो, ते त्यांना पोहोचते का? बुद्धांचे उत्तर (अंगुत्तर निकाय, दहावा निपात) आपल्या चिरंजीवांना आवडेल. तो आप्त नरकात, पशुयोनीत, मनुष्यलोकात किंवा देवलोकात जन्मला असेल तर पोहोचत नाही, तेथे त्याचे अन्न वेगळे असते. प्रेतलोकात असेल तरच पोहोचते. आणि तो आप्त तेथे नसला तर? मग तेथे असलेल्या दुसऱ्या कोणा आप्ताला. कोणीच नसले तर? असे होणे शक्य नाही, एवढ्या दीर्घ संसारात कोणी ना कोणी असतोच; शिवाय देणाराही फळावाचून राहत नाही. पुढे थेरवादी आचार्यांनी याची संगती अशी लावली की पुण्य उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकता येत नाही. आपल्या नावाने दान झाले हे जाणून त्या जीवाला जो आनंद होतो, जिला अनुमोदना म्हणतात, तेच त्याचे स्वतःचे कुशल कर्म ठरते. म्हणजे ‘ज्याचे कर्म त्याला’ हा नियमही राहिला आणि दान देण्याची रीतही. खुद्दकपाठातील तिरोकुड्ड सुत्तात मात्र कोणतीही संगती लावण्याच्या भानगडीत न पडता म्हटले आहे की उंचावर पडलेले पाणी जसे सखल भागाकडे वाहत जाते, तसे येथून दिलेले प्रेतांना पोहोचते.

घागरीबद्दल मी आपणास भरावी किंवा भरू नये असे सांगणार नाही. चिरंजीवांना एकदा अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात घेऊन जा, पारोळ्याहून एका दिवसात जाऊन येता येते. ओसरीच्या डाव्या बाजूला भवचक्राच्या चित्राचा उरलेला तुकडा आहे, तो त्यांना दाखवा. त्याच लेण्यात पाचव्या शतकातला एक शिलालेख आहे. तो वाकाटक सम्राट हरिषेणाच्या एका मांडलिक राजाचा असून, वा. वि. मिराशींसारख्या संशोधकांनी त्या घराण्याचा ऋषीक देश म्हणजे आपला खानदेश असे ओळखले आहे. त्या राजाचा धाकटा भाऊ रविसांब अकाली गेला. लेख म्हणतो की अनित्यतेचे वज्र त्याच्यावर कोसळले, आणि मागे राहिलेल्या थोरल्या भावाने पुण्याचा महावृक्ष वाढवायला घेतला. ते लेणे त्याच वृक्षाचा भाग आहे. पुण्य भावाला पोहोचले का, याची चर्चा राजाने दगडावर कोरलेली नाही; भावाचे नाव मात्र कोरले आहे.